डेमोला बसताना तुमची सर्वांत किचकट ऑर्डर सोबत ठेवा

डेमोमध्ये सगळीच ईआरपी, म्हणजे कारखान्याचा स्टॉक, खरेदी, कामं आणि बिलं एकत्र सांभाळणारी सॉफ्टवेअर, छान दिसतात. दाखवणाऱ्याने आकडे सोयीचे भरलेले असतात: एक ग्राहक, एक वस्तू, शंभर नग, माल वेळेवर रवाना. तुमच्याकडे अशा ऑर्डर कितीशा येतात? म्हणून डेमो कोणाचाही असो, अगदी आमचाही, ज्या ऑर्डरने अलीकडे सर्वांत जास्त डोकं खाल्लं तिचे कागद काढा आणि ती समोर भरून दाखवायला सांगा.

गाडी बहुतेकदा मोजमापातच अडते. २५ मिमी व्यासाचा स्टीलचा बार तुम्ही किलोवर घेता, मिलिमीटरमध्ये कापता आणि विकता नगावर. मीटरभर बारचं वजन साधारण ३.८५ किलो. जॉब, म्हणजे बनवायचा नग, ६० मिमीचा आणि प्रत्येक कापाला ३ मिमी धरले, तर मीटरमधून १५ नग निघतात. ४५ मिमी कटिंगमध्ये जातात, ५५ मिमीचा तुकडा उरतो. नुसती जॉबची लांबी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र अजून १०० मिमी बार शिल्लक दिसतो. म्हणजे दर मीटरमागे ४५ मिमी, साडेचार टक्के माल फक्त स्क्रीनवर! त्या भरवशावर पुढची ऑर्डर घेतली की बार कमी पडणारच. उरलेला तुकडा स्टॉकमध्ये धरायचा की भंगारात, हे तुम्हाला ठरवता आलं पाहिजे. किलोचे नग कॅल्क्युलेटरवर करून भरावे लागत असतील तर वही काय वाईट?

मग बाहेरच्या कामाकडे वळा. प्लेटिंगला ५०० नग गेले, पहिल्या खेपेला ३०० परत आले, त्यातले ८ रिजेक्ट. प्लेटिंगवाल्याकडे २०० आहेत आणि पार्टीला आज २९२ पाठवता येतील, हे एकाच ठिकाणी दिसायला हवं.

ईआरपी हे नाव १९९० मध्ये गार्टनर या संस्थेने रूढ केलं. त्यामागची एमआरपी (लागणाऱ्या मालाचं नियोजन करण्याची) पद्धत १९६०च्या दशकात मोठ्या कारखान्यांत आकाराला आली. दहा विभागांची सोय पाच माणसांच्या वर्कशॉपला ओझंच होते. सुरुवातीला स्टॉक, जॉब कार्ड (प्रत्येक कामाची नोंद), खरेदी आणि बिलं पुरेत. पगार, हजेरी नंतर बघता येईल.

सॉफ्टवेअर लवचिकही हवं. लवचिक म्हणजे काय, तर ड्रॉइंगच्या रिव्हिजन नंबरसाठी एखादा रकाना हवा असेल तर तो तुम्हाला स्वतः वाढवता यावा. प्रत्येक बदलाला प्रोग्रामर लागत असेल तर दरवेळी बिल येतं, आणि खास लिहून घेतलेले बदल पुढच्या अपडेटला अडकू शकतात. (असं काम आम्हालाही मिळतं, तरी सांगतो: शक्य तितकं टाळा.)

एन्ट्री कोण करणार, तेही आधीच ठरवा. मशीनवरच्या माणसाला तेलकट हातांनी पाच पानं भरायला लावलीत, तर तो संध्याकाळी अंदाजाने आकडे टाकेल.

करार करण्याआधी सगळी माहिती, जुन्या नोंदींसकट, एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवायला लावा. पुढे सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर हीच फाइल लागते.

सुरुवातीचा स्टॉक जुन्या वहीतून उतरवू नका. मशीन बंद असतील त्या दिवशी रॅकवरचा माल प्रत्यक्ष मोजा, अर्धवट झालेले जॉब वेगळे लिहा आणि बाहेर गेलेल्या मालाची चलनं जुळवून मगच आकडे भरा.