बोळा कापसाचा, बोळा फोमचा

माझा भाचा पुण्यातल्या एका पथकात ताशा वाजवतो. पावसाळा लागला की नदीपात्रात त्यांचा सराव सुरू होतो आणि आमच्या ताईच्या घरी टीव्हीचा आवाज चार आकडे वर चढतो. यंदा एका रविवारी मी सराव बघायला गेलो. ताशाआधी माझी नजर गेली ती वादकांच्या कानांवर. निम्म्यांचे कान मोकळे. काहींनी कापसाचे बोळे कोंबलेले. पाचसात जणांच्या कानात नारिंगी फोमचे प्लग होते, पण अर्धे बाहेर, पडायला आलेल्या दातासारखे. भाच्याचेही तसेच. विचारलं तर म्हणाला, "मामा, घातलेत की!"

घातले होते खरे. कान मात्र उघडेच होते.

आधी कापसाचं बघू. 'कानात बोळे घालून बसणे' असं आपण सहज म्हणतो, त्यामुळे बोळा घातला की आवाज बंद, असा आपला पक्का समज. प्रत्यक्षात कोरडा कापूस जेमतेम पाच-सात डेसिबल आवाज अडवतो. आवाज म्हणजे हवेची थरथर, आणि कापसाच्या तंतूंमधून हवा आरपार जाते. बोळ्यावर फुंकर मारून बघा, पलीकडे धरलेल्या बोटाला ती लागते. जिथून फुंकर जाते तिथून ढोलही जातो.

पाच-सात डेसिबल कमी झाले तरी बरंच की, असं वाटेल. डेसिबलचा हिशेब बेरजेचा नाही, पटींचा आहे. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, 10 वाढले की दहापट, 20 वाढले की शंभरपट. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेची सरकारी संस्था नायॉश म्हणते की 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास थांबलेलं चालेल, पण पुढे दर 3 डेसिबलला हा वेळ निम्मा करा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. आपल्याकडे कारखान्यांना आठ तासांसाठी 90 डेसिबलपर्यंत मुभा देत आले आहेत. माझ्या मते ती सैल आहे.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या मिरवणुकीत सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी कित्येक वर्षं आवाज मोजत आले आहेत, आणि 100 डेसिबलच्या आसपासची सरासरी त्यांना अनेकदा मिळाली आहे. तोच आकडा धरू. उघड्या कानाचा त्या दिवसाचा कोटा पाव तासात संपतो. कापूस घालून 5 डेसिबल वाचवले तर पाऊण तासाच्या जरा पुढे. नीट बसलेल्या फोमनं 25 डेसिबल अडवले तर कानापर्यंत पोचणारा आवाज 75 डेसिबलचा, म्हणजे दिवसभर वाजवलं तरी फिकीर नाही. आणि भाच्यासारखा अर्धवट घातला तर? प्लग किती लोंबतोय त्यावर ते ठरतं. कधी कधी तो कापसाच्याच पंगतीला जाऊन बसतो.

हा कोटा संपला की आत काय होतं? कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यात साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजानं त्यांच्यावरचे सूक्ष्म केस लवतात आणि त्याचा विद्युत संदेश मेंदूकडे जातो. मोठ्या आवाजात त्या थकतात. मिरवणुकीनंतर कानाला दडे बसतात, आत 'कुंई' असा सूर वाजत राहतो, तो हा थकवा. सकाळपर्यंत बरं वाटतं. वारंवार तसंच झालं तर पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या उगवतात! पक्ष्यांमधल्या केसपेशी पुन्हा तयार होतात हे 1980 च्या दशकात कळलं. तेव्हापासून हीच किमया सस्तन प्राण्यांत साधायचा प्रयत्न चालू आहे.

'सकाळी बरं वाटलं' यावरही आता फार विसंबता येत नाही. 2009 मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी उंदरांची श्रवणचाचणी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत होत्या. पण केसपेशी आणि श्रवणाची नस यांना जोडणारे सांधे काही भागात निम्म्यापर्यंत तुटलेले निघाले. माणसाच्या कानात हे नेमकं किती घडतं यावर वाद आहे. तरीही 'दडा सुटला म्हणजे कान सुटला' हा आपला दिलासा त्या उंदरांनी बराच ढिला केला.

आवाजानं येणारा बहिरेपणा सुरू होतो 4,000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच सुरांत. ऑडिओग्रामच्या, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाच्या, रेघेत तिथे खाच पडलेली दिसते. मोठ्यानं बोललेले स्वर या खाचेत हरवत नाहीत, हरवतात ती स, श, थ, फ अशी फुसफुसती व्यंजनं. म्हणून असा माणूस 'ऐकू येत नाही' असं म्हणतच नाही. तो म्हणतो, "ऐकू येतंय, पण तुम्ही स्पष्ट बोला." भाजीवाला 'साठ' म्हणतो, त्याला 'आठ' ऐकू येतं.

हे दुखणं विजेच्या स्पीकरांपेक्षा कितीतरी जुनं आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलंय. ते सगळे शहराच्या एकाच भागात राहत, दिवसभर तांबं ठोकत आणि म्हातारपणी बहिरे होत. मला कसबा पेठेतली तांबट आळी आठवते. तिथे घंगाळावर मठारकाम चालू असताना समोरच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. जुन्या शटलच्या मागांवर दिवस काढणाऱ्या विणकरांचंही तेच, ते ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात.

आवाजाशी जुंपलेल्या अशा माणसांच्या कानासाठी स्वस्त, मऊ आणि खरंच अडवणारं काही मिळायला बराच काळ गेला. बर्लिनमध्ये मॅक्सिमिलियन नेगवर या औषधविक्रेत्यानं 1907 मध्ये मेण आणि कापसाच्या गोळ्या काढल्या. कल्पना होमरच्या महाकाव्यातली, जिथे जलपऱ्यांचं गाणं ऐकू येऊ नये म्हणून खलाशांच्या कानात मेण भरलं जातं. कापसाची भोकं मेणानं बुजवायची, हे त्यातलं शहाणपण. फोम आला तो वेगळ्याच वाटेनं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कॉर्पोरेशनमध्ये रॉस गार्डनर आणि त्यांचे सहकारी 1967 च्या सुमारास सांधे बुजवायच्या पदार्थावर काम करत होते. त्यातून ऊर्जा शोषून घेणारं एक राळेसारखं द्रव्य हाती आलं. त्याचा फोम दाबला की दबायचा आणि सावकाश फुगायचा. 1972 मध्ये त्याचेच पिवळे प्लग बाजारात आले. आज मेडिकलच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारी जोडी त्याच घराण्यातली.

या 'सावकाश' शब्दातच फोमची सगळी करामत आहे. भांडी घासायचा स्पंज दाबून सोडा, झटकन उसळतो. मळलेल्या कणकेवर बोट दाबा, खळगा रेंगाळत भरतो. प्लगचा फोम मुद्दाम असा घडवलेला असतो की साध्या तापमानाला तो धड कडकही नसतो आणि धड रबरासारखा उसळताही नसतो. त्याला वळून बारीक केलं की आपल्याला अर्धा मिनिट मिळतो. कानात गेल्यावर अंगाच्या उबेनं तो आणखी मऊ होतो, फुगतो आणि कानाच्या नळीच्या भिंतीला चहूबाजूंनी चिकटतो. कोणाची नळी गोल, कोणाची चपटी, प्लग तिचाच आकार घेतो. हवेची वाट बंद झाली की आवाजाला उरतो तो फोमचा लिबलिबीत लगदा, आणि त्याला थरथरवताना आवाजाची ऊर्जा उष्णता बनून जिरते. बारीकशी फट राहिली तर ढोलासारखे खर्जातले आवाज तिथून बिनदिक्कत आत येतात. कडेला बोटभर फट असलेलं दार कितीही जाड असलं तरी शेजारचं भांडण ऐकू येतंच.

भाच्याला मी नदीकाठच्या कट्ट्यावर बसवलं. आधी हात पुसायला लावले. प्लग चेपायचा नाही, घडी घालायची नाही, समईची वात वळतात तसा दोन बोटांत फिरवत एकसारखा बारीक करायचा. चुणी पडली तर फुगल्यावर तिथेच फट राहते. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, शाळेत मास्तर ओढायचे त्याच दिशेला. कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि वाकडी असते. या ओढण्यानं ती सरळ होते. वळलेला प्लग लगेच आत सरकवायचा आणि बोटानं तीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. इथेच सगळ्यांची घाई होते. बोट लवकर काढलं की फुगणारा फोम स्वतःलाच बाहेर ढकलतो, आणि मग ते पडायला आलेले दात दिसतात.

नीट बसला की समोरून बघणाऱ्याला प्लग जवळपास दिसत नाही. दुसरी परीक्षा आवाजात उभं राहून करायची. दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबायचे. आवाज बराच खाली गेला तर प्लग गळतोय, फारसा फरक पडला नाही तर तो आपलं काम करतोय. तिसरी खूण आपलाच आवाज. प्लग घालून बोललं की घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं घुमतं, कारण आपला आवाज हाडांतून कानात येतो आणि बाहेर पडायची वाट बुजलेली असते. हे दोन्ही कानांत सारखं वाटायला हवं. पुष्कळ जण या घुमण्याला कंटाळून प्लग थोडा बाहेर ओढतात. गंमत अशी की प्लग वरवर बसला की जास्त घुमतं, खोल गेला की कमी.

पाकिटावर एनआरआर 29 किंवा 33 असा आकडा असतो, म्हणजे प्लग किती डेसिबल अडवतो त्याचं मानांकन. तो प्रयोगशाळेतला, जाणकारांच्या हाताखाली घातलेल्या प्लगचा. अमेरिकेतली कामगार सुरक्षा यंत्रणा त्यातून 7 वजा करून उरलेल्याचा निम्मा धरायला सांगते. म्हणजे 29 चे झाले 11. हा हिशेब फोमला कमी लेखत नाही, आपल्या हातांना लेखतो.

त्याहून मोठा चोर म्हणजे 'जरा काढून ठेवतो'. समजा प्लग खरोखर 30 डेसिबल अडवतोय. चार तासांच्या वादनात भाच्यानं तो फक्त दहा मिनिटं काढला. हिशेब केला तर पूर्ण चार तासांचं संरक्षण 14 डेसिबलच्याही खाली येतं. निम्मा वेळ काढला तर जेमतेम 3. त्या दहा मिनिटांत हजारपट ऊर्जा आत जाते, आणि बाकीच्या जवळजवळ चार तासांची शिस्त तिला भरून काढू शकत नाही.

तो प्लग का काढतो, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. "मामा, ताशाच ऐकू येत नाही. नुसता ढोल येतो. हात कुठे पडतोय कळत नाही." तक्रार शंभर टक्के खरी आहे. फोम उंच सूर जास्त खातो, खर्ज कमी. ताशाची कडकड मंदावते आणि ढोलाचा घुमारा उरतो. ज्याला ताल धरायचा त्याला हे कसं चालावं? संगीतकारांसाठी सगळे सूर साधारण सारखेच, पंधराएक डेसिबलनं खाली आणणारे गाळणीचे प्लग मिळतात. महाग असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात. ताशेवाल्यांनी ते घ्यावेत असं माझं मत. ढोलवाल्यांना, ध्वजवाल्यांना आणि कडेला उभ्या बघ्यांना साधा फोम पुरतो.

कितीही चांगला प्लग घेतला तरी तो 40-50 डेसिबलच्या पुढे अडवू शकत नाही, कारण उरलेला आवाज कवटीच्या हाडांतूनच आत शिरतो. डीजेच्या भिंतीसमोर नाचताना प्लग हे निमित्त होऊ नये, चार पावलं मागे सरकलेलं बरं. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर कानाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घालू नये. तान्ह्या मुलांना प्लग नको, तो तोंडात जातो. त्यांना कानावर बसणारे इअरमफ लावावेत. गाडी चालवताना घालू नये. काढताना हिसका न देता हळूहळू फिरवत काढावा, नाहीतर पडद्यावर ओढ बसते. आणि घामेजलेला, मळलेला फोम धुऊन वापरायचा हट्ट सोडावा, धुतला की त्याचा तो सावकाशपणा जातो.

सराव पुन्हा सुरू झाला तेव्हा मीही माझे प्लग नीट बसवून रांगेच्या कडेला उभा राहिलो. मधल्या थांब्यात इतर पथकांचे ढोल चालूच होते. भाचा माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला. ओठ हलताना दिसले, ऐकू मात्र काही आलं नाही. घागरीतला आवाज त्याला स्वतःला इतका मोठा वाटत होता की तो चक्क हळू बोलत होता. गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच. शेवटी त्यानं चहाच्या टपरीकडे बोट दाखवलं आणि आम्ही निघालो.