उंदराच्या मेंदूला मोजून मार

दुचाकीवरून पडलेल्या दोन माणसांच्या मेंदूला सारखाच मार लागला, असं कधी होत नाही. एकाचं डोकं दुभाजकावर आपटतं, दुसऱ्याचं कशावरही न आपटता नुसतं झटक्यात फिरतं. एक अर्ध्या तासात रुग्णालयात पोहोचतो, दुसऱ्याला चार तास लागतात. एकाने दारू घेतलेली असते, दुसऱ्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात. एवढ्या भानगडीत एखादं औषध लागू पडलं की नाही, हे ओळखायचं कसं? प्रयोगशाळेने काढलेली वाट सरळ आहे: मार सगळ्या उंदरांना एकच द्यायचा आणि तोही मोजून. दिसायला सोपं वाटणारं हे काम भलतंच किचकट आहे.

यासाठी आजही जोरात चालणारं उपकरण म्हणजे फ्लुइड पर्कशन. साधारण 60 सेंटिमीटर लांब आणि साडेचार सेंटिमीटर व्यासाचं पारदर्शक अॅक्रिलिकचं नळकांडं काठोकाठ पाण्याने भरलेलं असतं. एका टोकाला दट्ट्या आणि त्यावर आपटणारा लोलक, दुसऱ्या टोकाला दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर आणि बारीक तोंड. लोलक सोडला की दट्ट्या आत ढकलला जातो आणि दाबाची लाट जेमतेम 20 मिलिसेकंदांत उंदराच्या मेंदूवरच्या आवरणापर्यंत, म्हणजे ड्यूरापर्यंत पोहोचून ओसरते. लोलक जितका वर उचलाल तितका दाब जास्त. ढोबळमानाने दीड अॅटमॉस्फिअरपर्यंत सौम्य इजा, दीड ते अडीच मध्यम, त्याच्या वर गंभीर.

ही लाट आत जावी म्हणून आधी शस्त्रक्रिया करावी लागते. उंदराला आयसोफ्लुरेनची भूल देतात आणि डोकं स्टिरिओटॅक्सिक चौकटीत पक्कं बसवतात. टाळूची कातडी बाजूला करून कवटीला सुमारे 5 मिलिमीटरचं भोक पाडतात, पण ड्यूराला ओरखडाही उठता कामा नये. ड्यूरा फाटली तर तो उंदीर प्रयोगातून बाद. ड्रिल सलग चालवला तर हाड तापतं आणि खालचा मेंदू भाजतो, म्हणून मधूनमधून थांबून सलाइनचे थेंब टाकायचे. भोकावर इंजेक्शनच्या सुईचं कापलेलं प्लास्टिकचं बूड चिकटवतात, भोवती दातांच्या दवाखान्यातलं अॅक्रिलिक सिमेंट लिंपतात आणि आत सलाइन भरतात. गोंदाचा एक थेंब आत ओघळून ड्यूरावर सुकला, तरी लाट तिथेच अडते.

सगळ्यात मोठा वैरी हवेचा बुडबुडा. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळकांड्यात वाटाण्याएवढा बुडबुडा राहिला तरी पडद्यावरचा दाबाचा गुळगुळीत डोंगर दातेरी होतो, शिखर खाली येतं. म्हणून पाणी आधी उकळून किंवा पंपाने ओढून त्यातली हवा काढतात, मशीन भरल्यावर तिरपं करून बुडबुडे वर काढतात आणि तोंड बंद ठेवून आठ-दहा वेळा रिकामा लोलक मारून आलेख पाहतात. आलेख बिघडलेला असताना काढलेले निष्कर्ष कितीही आकर्षक असले तरी फेकून द्यावेत.

मार बसला की उंदराचा श्वास काही सेकंद थांबतो. मग त्याला पाठीवर ठेवून घड्याळ लावायचं: किती वेळाने तो आपणहून पालथा होतो? मध्यम इजेत बहुधा सहा ते दहा मिनिटं. माणसाच्या बेशुद्धीशी याची तुलना कच्चीच आहे, पण प्रयोगात सगळ्या उंदरांना सारखा मार बसला का, याचा पहिला दाखला हाच.

दुसरं यंत्र, कंट्रोल्ड कॉर्टिकल इम्पॅक्ट, 1988मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातून आलं. मोटारींच्या टकरीचा अभ्यास करणाऱ्यांनी ते आधी फेरेट या प्राण्यावर वापरलं. त्यात पाणी नाही, लोलक नाही. धातूचा दांडा ठरलेल्या वेगाने मेंदूच्या पृष्ठभागावर उतरतो, ठरलेल्या खोलीपर्यंत दाबतो आणि ठरलेल्या वेळाने वर येतो. अचूक आहे, पण त्याने पडणारा खड्डा म्हणजे मुख्यतः एका जागची चेंगरलेली जखम. रस्त्यावरच्या अपघातात मेंदूभर विखुरलेली इजा होते, ती यातून नीट दिसत नाही.

ती दाखवायला 1994मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडच्या अँथनी मार्मारू यांच्या गटाने वजन टाकायची पद्धत बसवली. उंदराच्या कवटीवर पोलादी चकती चिकटवायची म्हणजे हाड सहसा फुटत नाही, उंदराला फोमच्या गादीवर पालथं झोपवायचं आणि नळीतून 450 ग्रॅमचं पितळी वजन दोन मीटरवरून सोडायचं. त्यांच्या पहिल्या तुकडीत एवढ्या माराने 44 टक्के उंदीर मेले. कारण शोधलं तेव्हा कळलं की ते बव्हंशी श्वास थांबल्याने मरत होते. कृत्रिम श्वास चालू ठेवला की मृत्यू झपाट्याने घटले. या पद्धतीत गादीही जपावी लागते. फोम जुना होऊन बसला की त्याच वजनाचा मार वेगळा पडतो, शिवाय वजन उसळून दुसऱ्यांदा आपटलं तर तो उंदीर धरता येत नाही.

आता मुळातला प्रश्न: डोकं कशावरही न आपटता मेंदूला इजा कशी होते? 1943मध्ये ऑक्सफर्डच्या होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनचा मेंदू करून याचं उत्तर मांडलं. मेंदू चहूबाजूंनी दाबला तर पाण्यासारखाच दबत नाही, पण आडवा सरकवला तर सहज सरकतो. खरवसाची वाटी हळू फिरवली तर काही बिघडत नाही, एका झटक्यात फिरवली तर आतून चीर जाते. म्हणजे घातक आहे ते डोक्याचं एकदम फिरणं. इथेच उंदीर कमी पडतो. त्याचा मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा, आपला सुमारे चौदाशे. मेंदूचे शल्यविशारद ओमाया यांनी मांडलेल्या नियमानुसार मेंदू जितका लहान, तितकीच इजा व्हायला लागणारं फिरण्याचं त्वरण वस्तुमानाच्या गुणोत्तराच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतं. हिशेब केला तर उंदराचं डोकं माणसाच्या सुमारे 80 पट त्वरणाने फिरवावं लागेल. त्यात उंदराच्या मेंदूला घड्या नाहीत आणि पांढरा भागही फार थोडा. म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डुकरांची डोकी आघाताविना फिरवून पाहतात. खर्च अफाट, पण उत्तर माणसाच्या जास्त जवळचं.

पांढऱ्या भागातले लांब तंतू, अॅक्सॉन, अपघाताच्या क्षणीच तुटतात असं पूर्वी मानलं जाई. 1983मध्ये पोव्हलिशॉक आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या अॅक्सॉनमध्ये खूण करणारं एन्झाइम सोडून पाहिलं. बहुतेक अॅक्सॉन लगेच तुटत नव्हते. त्यांच्या आतली वाहतूक एका जागी तुंबत होती, तिथे फुगा येत होता आणि काही तासांनी तो भाग तुटून वेगळा होत होता. आज हाच फुगा एपीपी नावाच्या प्रथिनाला रंग देऊन शोधतात, कारण वाहतूक थांबली की ते तिथे साचतं. काचेच्या तबकडीत वाढवलेले अॅक्सॉन ताणून पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली: सावकाश ताणले तर ते मजेत लांबतात, तेवढेच काही मिलिसेकंदांत ताणले तर आतल्या सूक्ष्मनलिका जागोजागी मोडतात. मग कॅल्शियम आत घुसतं आणि प्रथिनं कापणारी एन्झाइमं जागी होतात. मार आणि तुटणं यांत काही तास मिळतात, आणि औषधाची सारी आशा त्या तासांवर उभी आहे.

त्या आशेने कित्येकदा तोंडघशी पाडलं आहे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने उंदरांच्या मेंदूची सूज उतरत होती, निष्कर्ष अनेक प्रयोगशाळांतून येत होते. 2014च्या डिसेंबरमध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत 882 रुग्ण, दुसरीत जवळजवळ बाराशे. फायदा शून्य. उंदरांना पहिलं इंजेक्शन बहुधा तासाभरात मिळत होतं. माणसांना एका चाचणीत चार, दुसरीत आठ तासांपर्यंत मुभा होती. स्टिरॉइडचं तर त्याहून वाईट झालं. 10,008 रुग्णांच्या, क्रॅश नावाच्या औषधचाचणीत 2004मध्ये दिसलं की ते घेणाऱ्यांत दोन आठवड्यांत 21.1 टक्के मेले, न घेणाऱ्यांत 17.9.

दोष सगळा औषधांचा नाही. भुलेखाली उंदीर भराभर गार पडतो आणि मेंदू दोन अंशांनी गार झाला तरी इजा कमी दिसते. 1990मध्ये जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांवर झालेल्या मेंदूच्या रक्तपुरवठ्याच्या प्रयोगात एमके-801 नावाचं गाजलेलं औषध मेंदू वाचवतं की प्राण्याला फक्त गार करतं, हे तपासलं गेलं. वाचवत होता तो गारठा. म्हणून गरम गादी आणि गुदद्वारातला तापमापक यांच्याशिवाय केलेल्या प्रयोगाला किंमत देऊ नये. तुलनेसाठी ठेवलेल्या, मार न दिलेल्या उंदरांतही खोट असते: नुसतं भोक पाडल्यानेही मेंदूत सूज आणि दाह उठतो. त्यांना भोकाशिवायच्या उंदरांशीही ताडून पाहिलं नाही तर औषधाने शस्त्रक्रियेची जखम भरली की अपघाताची, हे कळणार नाही.

अमेरिकेत ऑपरेशन ब्रेन ट्रॉमा थेरपी या प्रयोगशाळांच्या गटाने यावर कडक उपाय केला. एकच औषध तीन ठिकाणी, तीन वेगळ्या पद्धतींनी जखमी केलेल्या उंदरांत, कोणाला काय दिलं हे मोजणाऱ्याला न सांगता तपासायचं. 2016मध्ये छापलेल्या पहिल्या पाच औषधांपैकी बहुतेक गळाली. त्यातल्या त्यात बरं ठरलं फिट्सवरचं जुनं लेव्हेटिरासिटाम. त्याच उंदरांच्या रक्तात जीएफएपी हे प्रथिनही मोजलं गेलं. मेंदूच्या तारापेशी इजा झाली की ते रक्तात सोडतात. याच जीएफएपीची, यूसीएच-एल1 या दुसऱ्या प्रथिनासोबतची रक्तचाचणी अमेरिकेने 2018च्या फेब्रुवारीत माणसांसाठी मंजूर केली. सौम्य मार लागलेल्यांपैकी कोणाला सीटी स्कॅनची गरज नाही, हे ती सांगते. 1974मध्ये आलेल्या, रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो स्केलवर इजा आज 3 ते 15 गुणांनी तोलली जाते आणि त्या गुणांत उंदराला जागा नव्हती. 2025मध्ये मांडलेल्या नव्या वर्गीकरणात त्या गुणांच्या जोडीला रक्तातली प्रथिनं आणि स्कॅन आले आहेत. निदान जीएफएपीपुरतं तरी आता उंदीर आणि रुग्ण एकाच मापाने मोजता येतात.