मद्यजन्य यकृत तंतुमयता

दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांच्या यकृतात कोलॅजेनसारखी तंतुमय प्रथिने साचत जातात, त्या विकाराला मद्यजन्य यकृत तंतुमयता किंवा फायब्रोसिस म्हणतात. तो वाढत गेला की सिरोसिस होतो, म्हणजे यकृत कठीण आणि व्रणांनी भरलेले होते.

हे तंतू विणणारी पेशी यकृताचीच असते. ताराकृती किंवा स्टेलेट पेशी हे तिचे नाव. कार्ल फॉन कुप्फर यांनी १८७६ मध्ये तिचे वर्णन केले. यकृतपेशी आणि केशवाहिन्या यांच्यामधल्या अरुंद जागेत ती असते. निरोगी अवस्थेत तिचे एक मुख्य काम म्हणजे अ जीवनसत्त्व साठवणे; शरीरातला या जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा तिच्याकडेच असतो.

पोटात गेलेल्या अल्कोहोलचे यकृतपेशीत अ‍ॅसिटाल्डिहाइड होते. ते विषारी असते आणि पेशीतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बिघडवते. रोजच्या पिण्याने सीवायपी-टू-ई-वन हे अल्कोहोलचे विघटन करणारे विकरही (एन्झाइम) वाढते. त्याच्या क्रियेतून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निघतात आणि ते पेशीपटलातील मेदाची नासधूस करतात. हे विकर यकृताच्या प्रत्येक सूक्ष्म भागातल्या मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशींत जास्त असते आणि तिथे ऑक्सिजनही कमी पोचतो. म्हणून पहिले तंतू बहुधा तिथेच दिसतात.

दुसरी वाट आतड्यातून येते. दारूमुळे आतड्याचे अस्तर झिरपू लागते आणि जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हे विष रक्तावाटे थेट यकृतात पोचते. तिथल्या कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातल्या रोगप्रतिकारक पेशी, त्याला ओळखतात आणि दाह निर्माण करणारी प्रथिने सोडतात. त्यांच्याकडून, तसेच इजा झालेल्या इतर पेशींकडून येणारे टीजीएफ-बीटा हे प्रथिन हा ताराकृती पेशीला मिळणारा सर्वांत प्रभावी इशारा. अ‍ॅसिटाल्डिहाइडही तिला थेट चेतवते. मग ती अ जीवनसत्त्वाचा साठा गमावते, स्नायूपेशीसारखी आकुंचन पावू लागते आणि कोलॅजेन तयार करू लागते. शिवाय कोलॅजेन विरघळवणाऱ्या विकरांना रोखणारे प्रथिनही तीच सोडते. एरवी चेतलेल्या ताराकृती पेशींना एनके (नॅचरल किलर) या रोगप्रतिकारक पेशी मारून टाकतात. दारू त्यांनाही दुबळे करते. जखम भरण्याची ही व्यवस्था मुळात उपयोगाची आहे. रोजची दारू तिला थांबूच देत नाही, खरे नुकसान तिथे होते.

केशवाहिन्यांच्या भिंतींना चाळणीसारखी छिद्रे असतात. तंतू साचले की ती बुजतात, रक्त आणि यकृतपेशी यांच्यातली देवाणघेवाण मंदावते आणि आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या प्रवेशिका शिरेतील दाब वाढतो. जलोदर आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा या दाबातूनच उद्भवतात. तोवर रुग्णाला बहुधा काहीच दुखत नाही, ही या आजारातली सर्वांत घातक गोष्ट.

देशी असो, विदेशी असो वा बिअर, अल्कोहोल तेच; ‘चांगल्या’ दारूने यकृत वाचते हा समज चुकीचा आहे. तरीही अतिमद्यपान करणाऱ्या प्रत्येकाला सिरोसिस होत नाही. पीएनपीएलए-थ्री या जनुकाचा विशिष्ट प्रकार, लठ्ठपणा आणि हिपॅटायटिस सी यांनी धोका वाढतो. स्त्रियांना तुलनेने कमी दारूनेही इजा होते.

दारू पूर्ण सोडल्यास यकृतातली चरबी काही आठवड्यांत उतरते आणि तंतूही हळूहळू विरघळू शकतात. चेतलेल्या ताराकृती पेशींपैकी काही मरतात, काही पुन्हा शांत होतात. मात्र उंदरांवरील प्रयोगांत अशा शांत झालेल्या पेशी पुन्हा इजा होताच पहिल्यापेक्षा लवकर चेतल्याचे दिसले आहे.