पालक कुटुंब आणि दरमहाची तपासणी: पार्श्वभूमी

फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न देता दुसऱ्या कुटुंबाकडे (पालक कुटुंबाकडे) सांभाळायला दिलेलं मूल एखाद्या घरातून परत आणावं लागलं की पहिला प्रश्न निवडीवर येतो. हे कुटुंब निवडलं कुणी? कायद्यात आणि नियमावल्यांत निवडीबद्दल पानंच्या पानं आहेत. निवडलेलं कुटुंब तीन वर्षांनीही त्या मुलासाठी ठीक आहे का, हे कसं पाहायचं, याला मात्र फार उशिरा जागा मिळाली, आणि मिळाली तीही एका उपकलमापुरती.

जुना इतिहास थोडक्यात उरकता येतो. मुंबई इलाख्याच्या 1924 च्या बालक कायद्यात मूल नातेवाइकाकडे किंवा अन्य ‘योग्य व्यक्ती’कडे सोपवायची सोय होती. ही योग्य व्यक्ती 1986 च्या आणि 2000 च्या केंद्रीय बाल न्याय कायद्यांतही टिकून राहिली. एकदा योग्य ठरली की ठरली, असा एकंदर खाक्या. फॉस्टर केअरचं वेगळं कलम 2000 मध्ये आलं, पण त्याचा पहिला उपयोग सांगितला होता तो पुढे दत्तक जाणाऱ्या तान्ह्या बाळांना तात्पुरतं घर देण्याचा. मोठ्या मुलांचा उल्लेख होता, तोही आई-वडील सावरले की मूल घरी परतेल या हिशेबाने. पाहुण्यासारखं येऊन जाणाऱ्या मुलाच्या घराची फेरतपासणी करावी, असं तेव्हा फारसं कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

2015 च्या बाल न्याय कायद्याने हे उलटं केलं. कलम 44 नुसार दत्तक देण्याजोगं ठरलेलं मूल दीर्घ मुदतीच्या फॉस्टर केअरमध्ये द्यायचं नाही. मग उरली ती प्रामुख्याने मोठी मुलं. कुणाचे आई-वडील हयात आहेत पण सांभाळू शकत नाहीत, कुणाला दत्तक घ्यायला कुणी पुढे येत नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या फॉस्टर केअर मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एका वर्षाच्या आतला मुक्काम अल्प मुदतीचा, त्यापुढचा दीर्घ मुदतीचा. मूल आणि कुटुंब यांचं जमतंय असं दिसलं तर ही मुदत थेट अठराव्या वर्षापर्यंत वाढते. इतक्या वर्षांत घर काही तसंच राहत नाही. नोकरी जाते, सासूबाई अंथरुणाला खिळतात, स्वतःची मुलगी दहावीला येते, नवरा-बायकोचं बिनसतं. ज्या कागदांवर कुटुंब पसंत केलं, ते कागद तोवर जुने झालेले असतात.

यावर उपाय म्हणून त्याच कलमात आठवं उपकलम आहे आणि खरा वाद तिथेच आहे. पालक कुटुंबाची तपासणी दर महिन्याला व्हावी, ती बाल कल्याण समितीने, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल आदेश देणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीने, करावी आणि कुटुंब काळजी घेण्यात कमी पडतंय असं दिसलं तर मूल तिथून काढून दुसऱ्या घरी द्यावं, असं ते म्हणतं. वाचायला कडक वाटतं. पण समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. महिन्यात किमान 20 दिवस बैठक घेणं त्यांना कायद्यानेच बांधून दिलेलं, शिवाय हरवलेली, पळून आलेली, पोलिसांनी आणलेली मुलं रोज समोर उभी. गडचिरोलीत बसणाऱ्या समितीने सिरोंच्यातलं घर दरमहा पाहायचं तर जाताना 200 किलोमीटरच्या आसपास प्रवास. अशा वेळी कलमातलं काम समितीचं आणि पायपीट संरक्षण अधिकाऱ्याची किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याची, अशी वाटणी होणारच. समितीपुढे मग भरलेला नमुना येतो.

त्या भेटीत काय घडतं तेही पाहावं. बाहेरच्या खोलीत चहा येतो, शाळेच्या वह्या, बँकेचं पासबुक, लसीकरणाचं कार्ड पुढे ठेवलं जातं. मुलाशी एकट्याने बोलायचं तर दोन खोल्यांच्या घरात बोलणार कुठे? मग ते शाळेत जाऊन बोलावं लागतं, म्हणजे आणखी एक फेरी. ही दुसरी फेरी ज्या तपासणीत होत नाही, तिला तपासणी म्हणावं का, याबद्दल मला शंका आहे.

दुसरी अडचण खुद्द कलमाच्या रचनेत आहे. कलम 52 खाली ‘योग्य व्यक्ती’ची मान्यता काढून घ्यायची तर कारणं लेखी द्यावी लागतात. कलम 44 मध्ये मूल हलवायचं तर सांगितलंय, कारणं नोंदवण्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. मूल हलवल्यावर त्या कुटुंबाच्या मान्यतेचं काय, यावरही उपकलम गप्प आहे. निर्णय पटला नाही तर अपील तीस दिवसांत, आणि समितीच्या इतर आदेशांसारखं बाल न्यायालयात न जाता जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. समितीच्या कामाचा तिमाही आढावाही 2015 च्या कायद्यापासून त्यांच्याकडेच आहे, 2021 च्या दुरुस्तीने तो कायम ठेवला. कुटुंबाच्या बाजूने विचार केला तर हे जाचक आहे, पण मुलाला तातडीने बाहेर काढायचं असेल तेव्हा लांबलचक सुनावणी परवडत नाही, हा समित्यांचा युक्तिवादही खोटा नाही.

पैशाने गुंता वाढवला. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली मुलामागे महिना 4,000 रुपये ठरले. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेची, म्हणजे मूल संस्थेऐवजी कुटुंबात सांभाळण्यासाठी मिळणाऱ्या मदतीची, रक्कम 425 वरून 1,100 आणि 2023 मध्ये 2,250 रुपयांवर गेली. बालसंगोपनचे असंख्य लाभार्थी स्वतःच्या आईजवळच राहतात, कोविडनंतर तर विधवा मातांचे अर्ज मोठ्या प्रमाणावर आले. म्हणजे गृहभेटीला निघालेली तीच व्यक्ती एका घरी आईची गरज तपासते आणि पुढच्या घरी परक्या कुटुंबाची लायकी. दोन्हीकडे विचारायचे प्रश्न वेगळे असायला हवेत.

फॉस्टर केअरच्या 2024 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी दार आणखी उघडलं. पूर्वी फक्त विवाहित जोडप्यांना मूल मिळे, आता 35 ते 60 वयोगटातल्या एकट्या व्यक्तीलाही ते मिळू शकतं, मग ती अविवाहित असो, विधवा असो वा घटस्फोटित. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर हवा. आणि पालक कुटुंबाला मूल दत्तक घ्यायचं तर पूर्वीच्या पाच वर्षांऐवजी दोन वर्षं पुरतात. पुन्हा सगळा तपशील निवडीचाच. दोन वर्षांच्या अटीमुळे त्या चोवीस मासिक नोंदी आता दत्तकाच्या निर्णयातही वाचल्या जाणार, आणि कुटुंबालाही ते ठाऊक असणार. कमी पडतोय हे आपणहून सांगून मदत मागणारं कुटुंब अशा नोंदीत कसं उतरवायचं, याची सोय आठव्या उपकलमात नाही. 2021 च्या दुरुस्तीनेही त्याला हात लावलेला नाही.