तांबड्या मण्याचं मोल

रत्न महाग का, तर दुर्मीळ म्हणून, असं आपण सहज म्हणतो. पण सिंधू संस्कृतीतल्या कार्नेलियनच्या, म्हणजे तांबड्या अकिकाच्या, लांब मण्यांना हे उत्तर पुरत नाही.

हा दगड आपल्या दख्खनच्या कातळाचंच लेकरू. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पाण्यातून आलेली सिलिका थराथराने साचली आणि अकीक झाला. गुजरातेत रतनपूरजवळ तो गोट्यांच्या रूपात सापडतो. रासायनिकदृष्ट्या तो क्वार्ट्झ, वाळूत असतो तोच. मग सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी इराकमधल्या उर शहरातल्या राजेशाही थडग्यांत त्याचे मणी सोन्याशेजारी कसे आले?

मूळ गोटा बहुधा मळकट पिवळा-तपकिरी असतो. मंद आचेवर तापवला की त्यातल्या लोहसंयुगातलं पाणी निघून जातं, हेमटाइट हे लोहाचं लाल खनिज बनतं आणि दगड लाल होतो. घाई केली तर तडकतो. खरी कसोटी मात्र पुढे आहे, भोक पाडताना. खनिजांच्या कठीणपणाच्या 1 ते 10 अशा मोह्स मोजपट्टीवर क्वार्ट्झ 7. साधं तांबं त्यावर ओरखडाही काढत नाही. हडप्पाच्या कारागिरांनी एका खास, अतिशय कठीण दगडाची सामत्याची, म्हणजे भोक पाडायच्या हत्याराची, टोकं घडवली होती. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा तासाभरात जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडलं. मणी दहा-बारा सेंटिमीटरचा, भोक दोन्ही टोकांकडून पाडत मध्ये जुळवायचं. कराचीजवळच्या अल्लाहदिनो इथे 36 लांब मण्यांचा कमरपट्टा मिळाला. त्याला 480हून अधिक दिवसांची मेहनत लागली असावी, असा केनॉयर यांचा अंदाज आहे.

मला वाटतं, इथे किंमत दगडापेक्षा या दिवसांची आहे. असा पट्टा बांधणारा माणूस बोलल्याशिवाय सांगत असतो की इतके हात, इतका काळ माझ्यासाठी राबवता येतो. खोटं सांगणं अवघड असलेली खूण म्हणूनच ती पटते.

तरी खोटं सांगायचे प्रयत्न झालेच. सिंधू संस्कृतीच्या वस्त्यांत भाजलेल्या मातीचे, वरून लाल रंग दिलेले, अगदी तशाच लांबट घाटाचे मणीही सापडले आहेत. ओल्या मातीत भोक पाडायला काडी पुरते.