टेबलावरची गाडी वळणावर का अडते?

भाच्याला वाढदिवसाला एच-ओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातली रेल्वे मिळाली. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "मामा, सरळ रुळावर सुसाट जाते, वळणावर रडते. मोटर गेली का?"

मोटर ठणठणीत होती. अडचण भूमितीची होती.

चाकाच्या आतल्या बाजूला असलेली कड गाडीला वळवते, असा सर्वसाधारण समज आहे. ती कड खरं तर शेवटचा आधार. रेल्वेचं चाक किंचित शंकूसारखं असतं: कडेजवळ जाड, बाहेर बारीक, उतार १:२०. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली, त्यामुळे फेरे सारखेच. वळणावर मात्र बाहेरचा रूळ जास्त लांब. अशा वेळी जोडी आपसूक बाहेर सरकते. बाहेरचं चाक जाड भागावर टेकतं, आतलं बारीक भागावर. फेरे तेवढेच, कापलेलं अंतर वेगळं! चहाचे दोन कागदी कप तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि उतरत्या दोन पट्ट्यांवरून सोडा. ते स्वतःच मध्ये येत राहतात. मी हे कितीदा केलं असेल, त्याची गणती नाही.

आपल्या ब्रॉडगेजवर (१६७६ मि.मी.) ९१५ मि.मी. व्यासाचं चाक १ कि.मी. त्रिज्येच्या वळणावर जेमतेम ८ मि.मी. सरकलं की काम होतं. टेबलावर रुळांतलं अंतर १६.५ मि.मी., चाक साडेदहाचं, त्रिज्या ४३८ मि.मी. बाहेरचा रूळ जवळजवळ ४ टक्के लांब. तो फरक भरायला जोडी २ मि.मी. सरकायला हवी, तेवढी मोकळीकच नसते. मग कड घासते, चाक फरफटतं, गाडी मंदावते. ते १ कि.मी.चं वळण १:८७ ने लहान केलं, तरी त्रिज्या साडेअकरा मीटर!

म्हणून आधी वळण मोजा, मग इंजिन घ्या. ४३८ च्या वर्तुळाला मीटरभर रुंद फळी लागते. त्याहून लहान एन गेजला (रुळांतलं अंतर ९ मि.मी., प्रमाण १:१६०) २४९ ची त्रिज्या चालते, फळी ६० सें.मी. पुरते. पण रुळांतलं अंतर आणि त्रिज्या यांचं गुणोत्तर जवळपास तेच, म्हणजे वाचते ती जागा, घर्षण नाही. त्यावर इलाज एकच: आखूड डबे, आखूड गाडी आणि वळणावर चढ नाही. १९०७ च्या माथेरान गाडीची वाफेची इंजिनंही आखूडच होती, शिवाय त्यांचे टोकाचे आस बाजूला सरकू शकत.

गाडी एकाच जागी घसरत असेल, तर ती जागा 'वाईट' नसते. इंजिनाला लिंबू-मिरची बांधण्याऐवजी रुळाच्या जोडावरून बोट फिरवा, बहुधा खाच लागेल.

आणि पैसे अगदीच कमी असतील, तर वळणच नको. दीड मीटर लांब, फूटभर रुंद फळी, दोन सांधे (जिथे एका रुळाचे दोन फाटे होतात), एक इंजिन, मालाच्या आठ छोट्या वाघिणी. एका साइडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या बंद रुळावर, पाच मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. चिठ्ठ्या टाकून पाच वाघिणी निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानेच गाडी जुळवायची. असे क्रम ६७२० होतात. इंग्लंडमध्ये या कोड्याला 'इंगलनुक' म्हणतात. भाच्याने परवा पहिला क्रम लावला. चाळीस मिनिटं लागली.