मसल कारची घरगुती उभारणी (कोल्हापूर)

बंद पडलेली जुनी मोटार घराच्या शेडमध्ये किंवा परड्यात पूर्ण खोलायची, पुन्हा चालती करायची आणि ते करताना इंजिन, ब्रेक व वायरिंग मूळच्यापेक्षा सुधारून घ्यायचे, असा हा छंदवजा उद्योग. कोल्हापुरात त्याला 'गाडी उभी करणे' म्हणतात. करणाऱ्याला 'नाद आहे' असे म्हणतात आणि त्यात कौतुक व काळजी दोन्ही सारखीच असतात.

मसल कार ही मूळची अमेरिकन कल्पना. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवायचे, एवढीच ती युक्ती. 1964 ची पॉन्टियाक जीटीओ ही तिची सुरुवात मानली जाते. तिच्यात 389 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे इंजिन होते आणि ते 325 अश्वशक्ती देई. थांबण्याची सोय मात्र त्या मानाने तोकडी होती. चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि पुढचे डिस्क ब्रेक 1967 पासून जादा पैसे भरून मिळू लागले. पुढे धुराचे कडक नियम, विम्याचे चढे हप्ते आणि 1973 चा तेलटंचाईचा फटका यांनी हा प्रकार मागे पडला.

त्या काळात भारतात परदेशी गाडी आणणे जवळपास अशक्य होते. त्यामुळे अस्सल अमेरिकन मसल कार इथे क्वचितच दिसते आणि तिची जागा हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाने घेतली. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्स मालिकेवरून घेतलेली ही गाडी 1984 ते 2002 या काळात पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यात तयार होत होती. लांब बॉनेट, रुंद बसकी ठेवण आणि मागच्या चाकांना जाणारी ताकद, एवढ्यावर ती 'भारतीय मसल कार' ठरली. खरे तर हा मान दिसण्याचाच. सुरुवातीला तिच्यात अॅम्बॅसडरचेच दीड लिटरचे इंजिन होते, त्याची ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. नंतर आलेले इसुझूचे 1.8 लिटर इंजिनही नव्वदीच्या आतच. 'अपग्रेड'ची हौस निघते ती या तफावतीतून.

कोल्हापूरला जुन्या गाडीचे अप्रूप नवे नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक ही जर्मन मोटार अजूनही दसऱ्याला राजघराण्याला घेऊन दसरा चौकात येते आणि सोने लुटायला आलेली गर्दी आधी गाडीकडे बघते. पण सामान्य माणसाची गाडी उभी राहते ती शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीमुळे. लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, गिअर कटिंग ही कामे तिथे शेजारी शेजारी होतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत ओतकामाचे कारखाने आहेत. तेलइंजिने, साखर कारखाने आणि पुढे वाहन उद्योग यांच्या कामावर हे कसब वाढले. म्हणून इथल्या घरच्या गॅरेजात पाने, जॅक, गाडी टेकवायला दोन घोड्या आणि इंजिन उचलायला चेनपुली एवढे असले तरी भागते. घरी फक्त खोलायचे आणि बांधायचे, मधले काम गाव करते. इतर शहरांतला हौशी माणूस सुटा भाग शोधत महिने घालवतो, इथला तो बनवून घेतो.

बनवून घेण्यातही एक खोच आहे. वॉटर पंपाची बॉडी किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फुटला, तर तोच जुना भाग वाळूत दाबून नवा ओतता येईल असे वाटते. पण बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसते, अॅल्युमिनियम त्याहून थोडे जास्त. शिवाय घासलेल्या पृष्ठभागांवर मशिनिंगसाठी जादा धातू हवा असतो. म्हणून जुना भाग आधी भरून, वाढवून मग पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबायचा नमुना, करावा लागतो; नाहीतर बोल्टची भोके जुळत नाहीत. स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे भाग मात्र असे ओतून घेऊ नयेत. हे सगळ्यांना माहीत असते, तरी कोणी ना कोणी विचारतोच.

कामाला सुरुवात पत्र्यापासून होते. कॉन्टेसाला अमेरिकन गाडीसारखी वेगळी चॅसिस नाही, बॉडीच भार घेते. त्यामुळे फरशी आणि दाराखालचे उंबरे सडले असतील तर तो केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. उंबरा कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत लोखंडी आडवे टेकू वेल्ड करतात. ते न केल्यास गाडी मधोमध खचते आणि दारे पुन्हा लागत नाहीत. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केले की तो ताणून वाकतो, म्हणून टाके मारत, जागा बदलत पुढे जातात. गंजावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेली गाडी दोन पावसाळे चांगली दिसते. 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. पंचगंगेचा गाळ पत्र्याच्या दुमडींत आणि उंबऱ्यांच्या पोकळीत बसतो आणि आतून खातो. अशी गाडी स्टार्टर मारून बघायची नसते. आधी प्लग काढून, ऑइल सोडून इंजिन हाताने फिरते का ते पाहायचे. रंगकाम दिवाळीनंतर घेतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत प्रायमरखाली ओल अडकली की पुढे फोड येतात.

इंजिन खोलल्यावर सिलिंडर किती झिजला, कुठे अंडाकार झाला हे मोजतात. बोअर करायचे, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करायचा, तर पिस्टन ज्या ओव्हरसाइजमध्ये (मूळच्यापेक्षा मोठ्या मापात) मिळतो त्याच मापाला करावे लागते. 'वीस साइज' म्हणजे 20 हजारांश इंच, जवळपास अर्धा मिलिमीटर. त्यामुळे पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नये, हा उद्यमनगरातला पहिला धडा. शेवटची साइजही संपली असेल तर सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, बसवतात. दुसरा मुद्दा व्हॉल्व्हच्या सीटचा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कड्याचा. जुनी इंजिने शिसेयुक्त पेट्रोलवर चालत आणि ते शिसे सीटला झिजण्यापासून वाचवी. भारतात 2000 सालापासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. म्हणून हेड (सिलिंडरवरचे झाकण) उघडलेच आहे तर कडक धातूच्या सीट बसवून घेणे शहाणपणाचे.

पेट्रोलची दुसरी अडचण तर अगदी घरची आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची सीलं फुगवते किंवा कडक करते, शिवाय ओलावा ओढून टाकीला आतून गंजवते. ज्या जिल्ह्याच्या उसातून हे इथेनॉल निघते, तिथल्याच जुन्या गाड्यांनी ते सोसावे हा योगायोग गमतीचा खरा. त्यावर उपाय म्हणजे इंधनाच्या मार्गातले सगळे रबर वायटनचे, म्हणजे इथेनॉलला टिकणारे, करणे आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी न ठेवणे.

ताकद वाढवण्याआधी ब्रेक, हा क्रम मात्र बहुतेकजण उलटा करतात. व्हॅक्यूम बूस्टर, मास्टर सिलिंडर, नव्या नळ्या आणि जमेल तिथे डिस्क ही कामे इंजिनाला हात लावण्यापूर्वीची. ठिणगीसाठी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बॅटरी चार्ज करायला डायनॅमो असल्यास त्याजागी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले हे बदल स्वस्त आहेत, गाडीचे रूप बिघडवत नाहीत आणि रोजच्या वापरात सर्वांत जास्त जाणवतात.

कायद्याची रेघ इथेच कुठेतरी आडवी येते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी आणि आरसी पुस्तकात नोंद लागते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. दीड लिटरच्या कॉन्टेसात इसुझू बसवणे त्यातल्या त्यात सोयीचे, कारण कंपनीनेच पुढे ते दिले होते. परदेशी व्ही-8 ची फाइल मात्र टेबलावरच राहते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते.

2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली. पहिली नोंदणी 20,000 रुपयांची, मुदत दहा वर्षांची, आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. मात्र चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. पहिल्या कॉन्टेसा या वयाला 2034 मध्ये पोहोचतील. त्यामुळे मूळ दीड लिटरचे इंजिन काढले तरी भंगारात न देता ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवणारेही आहेत.